मागचा उजेड

"पडदे ओढा आधी, ताई," फोनवरून मुजावर म्हणाले. "खोलीत अंधार पाहिजे."

मी हॉलचे दोन्ही पडदे ओढले. बाहेर सकाळचं चांगलं ऊन होतं, त्यामुळे अंधार कसला, नुसती सावली झाली.

"आता टॉर्च घ्या. स्क्रीनवर सरळ मारू नका. काचेला जवळजवळ टेकवा आणि तिरकी धरा. काही दिसतंय का बघा."

लॅपटॉप टेबलावर उघडा होता. बटणाशेजारचा निळा दिवा लागलेला, आतला पंखा घुरघुरत होता, आणि स्क्रीन काळीकुट्ट. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला, टॉर्च तिरकी धरली आणि काचेवरून हळूहळू फिरवायला लागले. आधी नुसते बोटांचे ठसे दिसले. मग मधोमध पुसट अक्षरं दिसली. मोठी मोठी, धुरकट. 'मुकुंद'. त्याखाली एक रिकामी चौकट.

माझा हात हलला आणि अक्षरं गेली.

"दिसलं?" मुजावरांनी विचारलं.

"दिसलं."

"मग काळजी नाही. जिवंत आहे ते. फक्त मागचा उजेड गेलाय. स्क्रीनच्या पाठीमागं एक दिवा असतो बघा. चित्र सगळं तयार होतंय आत, पण पाठीमागनं उजेड नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही."

मी टॉर्च बंद केली. पडदे मात्र बराच वेळ तसेच ठेवले.

मुकुंद माझा नवरा. त्याला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आज या गोष्टीला आणखी नऊ वर्षं झाली. सांगलीत पाटबंधारे खात्यात तो नकाशे काढायचा. पन्नाशीच्या आत त्याला तो आजार झाला, ज्यात अंगातले स्नायू एकेक करून काम सोडून देतात. आधी डावा पाय, मग दोन्ही हात, मग जीभ. डोकं शेवटपर्यंत लख्ख. अखेरच्या वर्षात त्याच्याजवळ उजव्या हाताची दोन बोटं तेवढी उरली होती. हॉलमध्ये दवाखान्यातल्यासारखी उशाकडून वर होणारी कॉट घेतली होती, त्यावर आडवं येणारं टेबल, आणि टेबलावर हा लॅपटॉप. बोलणं थांबल्यावर तो त्यावर लिहायला लागला. वडिलांच्या आठवणी. त्यांना ही भावंडं दादा म्हणायची. दादा कृष्णेच्या पुलावर पाण्याची पातळी वाचायचे आणि ती वरच्या ऑफिसला कळवायचे, पुराच्या दिवसांत तासातासाला. मुकुंद दिवसाला दोन किंवा तीन ओळी लिहायचा. एका ओळीला दहा-पंधरा मिनिटं लागायची.

ते लिखाण आक्कांना हवं होतं.

आक्का म्हणजे मुकुंदची थोरली बहीण. बेळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. आई लवकर गेली, म्हणून मुकुंदला त्यांनीच वाढवलं, त्यापायी लग्नही केलं नाही. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा.

"शैला, त्याचं लिहिलेलं काढलंस का? वर्षश्राद्धाला छापून वाटू. आमच्या दादांवर दुसरं कुठं काय लिहिलंय?"

"काढते आक्का. लॅपटॉप फार हळू चालतो. उघडायलाच पंधरा मिनिटं घेतो आणि मधेच अडकून बसतो."

"मग टाक दुरुस्तीला."

"दुकानात नको. त्याचं सगळं खासगी आहे आत."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी एकदा मी म्हणून गेले, "मीच करते. मेमरी वाढवली की पळेल म्हणतात. इंटरनेटवर सगळं दाखवतात हल्ली."

आक्का हसल्या. "वाचनालयातली पुस्तकं शिवतेस तसं शिवणार होय त्याला?"

मी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात काम करायचे. फाटक्या पुस्तकांची शिवण, डिंक, दोरा यांत हात मुरलेला होता. त्यामुळे आपल्याला जमणार नाही असं मला वाटलं नाही. मुजावरांच्या दुकानातून मेमरीची पट्टी आणली. रियाज मुजावर म्हणजे स्टँडमागच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ, वाचनालयाचे दोन्ही कॉम्प्युटर तेच बघायचे. "मी बसवून देतो की, पाच मिनिटांचं काम," असं ते म्हणत होते, पण मी ऐकलं नाही.

वर्षश्राद्धाला नऊ दिवस होते. सुट्टीच्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली, मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि लॅपटॉप उलटा केला. निघेल तो स्क्रू वाटीत, कुठला कुठून निघाला ते कागदावर. त्या मॉडेलमध्ये मेमरी वरच्या बाजूनं होती. की-बोर्ड उचलावा लागला, त्याच्याखालचं झाकण उचलावं लागलं. आत धुळीचा एक पातळ थर होता. मऊ, राखाडी. मी तो ब्रशनं झाडणार होते, पण हात गेला नाही. जुनी पट्टी काढली, नवी तिरकी घालून दाबली, खट्ट झालं. मग सगळं होतं तसं परत बसवलं आणि बटण दाबलं.

निळा दिवा लागला. पंखा फिरला. स्क्रीनवर काही आलं नाही.

त्यानंतर दोन दिवस मी आणि मुजावर फोनवर त्या लॅपटॉपशी झटत होतो. ते सांगायचे, मी करायचे. पट्टी काढा, खोडरबरानं तिची पितळी टोकं घासा, परत लावा. नाही. नवी काढा, जुनी लावा. नाही. बॅटरी काढून बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. नाही. मग ते टॉर्चचं झालं. आणि त्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "आता एक शेवटचं. दुकानातनं वायर घेऊन जा. टीव्हीला जोडा. टीव्हीवर दिसलं, म्हणजे आत सगळं शाबूत. मग दोष एकतर स्क्रीनचा, नाही तर तिच्याकडे जाणाऱ्या वायरीचा."

मी वायर आणली. टीव्हीला लावली.

टीव्ही दोन क्षण निळा झाला, मग नाव आणि चौकट आली; मी पासवर्ड टाकला आणि मुकुंदचं सगळं त्यावर आलं. पुलाचा फोटो, आणि त्यावर मधोमध एकच चौकोन, बोटाला नेम धरायला सोपा जावा म्हणून मोठा केलेला. खाली नाव: 'दादा'. आतलं सगळं जसंच्या तसं होतं. दोनदा दाबलं असतं तर उघडलं असतं.

मी टीव्ही बंद केला. वायर काढली, गुंडाळली आणि कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली ठेवून दिली.

"काय झालं, ताई?" संध्याकाळी मुजावरांनी फोन करून विचारलं. "आलं टीव्हीवर?"

"आलं."

"मग सुटलात की! आणून द्या, अर्ध्या तासात करून देतो."

"आणते," मी म्हणाले. आणि नेला नाही.

आक्कांना मी सांगितलं, "स्क्रीन गेली. काहीच दिसत नाही आता."

त्या म्हणाल्या, "मी येते."

चार दिवस आधीच आल्या. दुपारच्या बसनं, खांद्याला कापडी पिशवी. पाय धुतले, पाणी प्यायल्या, देवापाशी आणि मुकुंदच्या फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ लॅपटॉपपुढे येऊन बसल्या.

"जेवून घ्या आधी," मी म्हणाले.

"जेवीन. लाव बघू हे."

मी लावला. दिवा, पंखा, काळी स्क्रीन. त्यांनी मान वाकवून आवाज ऐकला.

"टीव्हीला लावून बघितलंस?"

हे त्यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. "लावलं," मी म्हणाले. "नाही आलं."

बावीस वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. त्यांनी नुसतं "हं" केलं.

"मग कुठं तरी वायर दबलीय," त्या म्हणाल्या. "जन्मभर हेच केलं मी. लोकांना वाटतं लाइन गेली. लाइन कुठली जातेय? दबलेली असते. हलवून बघायची."

त्यांनी दोन्ही हातांनी लॅपटॉपचं झाकण धरलं आणि अगदी सावकाश पुढे ओढायला सुरुवात केली. एकेक बोट. मी बाजूला उभी होते. देवा, काही दिसू दे असं मला वाटायला हवं होतं. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"आलं!" आक्का ओरडल्या. "गेलं. थांब, परत येतंय. हे बघ, इथं. इथं आहे ते."

झाकण अर्धं मिटलं, की स्क्रीन उजळत होती. जरा मागं ढकललं की पुन्हा काळी. पण अर्ध्या मिटलेल्या स्क्रीनवरचं खुर्चीत बसून काही वाचता येत नव्हतं. आक्कांनी वाकून बघितलं, मान तिरकी केली, मग सरळ झाल्या.

"हे झोपून बघायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

कॉट अजून हॉलमध्येच होती. मी ती हलवली नव्हती. का ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आक्कांनी स्वतःच आडवं टेबल कॉटवर ओढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, उशाकडचा भाग वर केला आणि उशीवर डोकं टेकून पडल्या. "हां, आता बरोबर. इथनं दिसतंय. पासवर्ड काय गं?"

"आक्का," मी म्हणाले.

"काय?"

"तोच आहे पासवर्ड. 'आक्का'. इंग्रजीत."

त्यांचा हात की-बोर्डवर तसाच राहिला. मला तिथं थांबवेना. "चहा टाकते," म्हणून मी आत निघाले आणि स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर मागं वळून बघितलं. कॉटची उशी दाराकडे होती. मला आक्का दिसत नव्हत्या, दिसत होतं फक्त उशीवरचं पांढरं डोकं. दोघा भावंडांचे केस एकसारखे, वर उभे राहणारे. मला पुढं पाऊल टाकता येईना. मी चौकटीला पाठ टेकवली आणि तिथंच उभी राहिले.

"गेली परत," आक्का म्हणाल्या. झाकण बहुतेक जरा हललं असावं. मग मागं न बघताच त्या म्हणाल्या, "शैला, तिथं का उभी आहेस?"

"कुठं?"

"दारात. पाठ टेकून."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, दिसतेस की. स्क्रीन काळी झाली की आरसाच होतोय हा. पाठीमागनं परसदाराचा उजेड येतोय आणि त्यात तू आख्खी दिसतेस. हाताची घडी सुद्धा."

मी हाताची घडी सोडली.

आता ती दुपार सांगायला हवी. तोवर मी ती कुणाला सांगितली नव्हती.

फेब्रुवारीची एकोणीस तारीख होती. मुकुंदला तेव्हा गिळता येत नव्हतं. लाळ घशात साठायची, ती एका लहान यंत्रानं नळी घालून ओढून काढावी लागायची. दिवसातून पंचवीस-तीस वेळा, कधी त्याहून जास्त. साठली की तो बेल वाजवायचा. बेलचं बटण त्याच्या बोटाखाली पट्टीनं बांधलेलं असे. बेल वाजली की हातातलं टाकून धावायचं, असं मी दीड वर्ष केलं होतं. अंघोळ अर्धी टाकून, गॅस तसाच ठेवून. त्या दुपारी सव्वातीनला बेल वाजली. मी स्वयंपाकघरातून निघाले, दारापर्यंत आले आणि थांबले. ठरवून नाही. पाय थांबले. मी चौकटीला पाठ टेकवली, हाताची घडी घातली आणि डोळे मिटले. बेल दुसऱ्यांदा वाजली. मला ती ऐकू आली. मी उभीच राहिले. माझ्या मनात काय होतं हे मला विचारलंत तर मी थकले होते असं सांगता येईल, आणि ते खोटं नाही. पण तेवढंच होतं असंही नाही. तिसऱ्यांदा बेल वाजली असती तर मी गेले असते, असं मी स्वतःला सांगत आले. ती वाजली नाही. मी डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात अकरा मिनिटं गेली होती.

मी धावले. त्याचं तोंड, हनुवटी, गळा सगळं भिजलेलं होतं, श्वास घरघरत होता. लॅपटॉपची स्क्रीन उजळलेली होती आणि दोन बोटं की-बोर्डवर होती. मी काही वाचलं नाही. टेबल ढकललं, नळी घातली, सगळं काढलं, पुसलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. रात्री ताप चढला. लाळ फुप्फुसात गेली होती. चौथ्या दिवशी दवाखान्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, "हे आज ना उद्या होणारच होतं, तुम्ही खूप केलंत." सगळेच म्हणाले, तुम्ही खूप केलंत.

त्याची पाठ माझ्याकडे होती, मी उशामागच्या दारात होते, त्याला काही कळलं नसणार, या एका गोष्टीवर मी ते वर्ष काढलं होतं. आणि तरी मला हेही ठाऊक होतं, की त्या अकरा मिनिटांत त्यानं काहीतरी लिहिलं आहे. पाच मिनिटं हात लावला नाही की ती स्क्रीन आपोआप काळी व्हायची. ती उजळलेली होती, म्हणजे त्यानं ती उजळवली होती. आणि त्याच्या आधी ती काळी होती.

"आली!" कॉटवरून आक्का म्हणाल्या. "आता हात लावत नाही कशाला. शैला, फाईल उघडली बघ. इकडं ये, वाचते मी मोठ्यानं."

मी गेले. कॉटच्या कडेला बसले. आक्का वाचायला लागल्या. 'दादा पुलावर निघाले की चपला काढून ठेवायचे. पाणी मोजायला जाताना पाय मोकळे हवेत म्हणायचे.' दुसऱ्या दिवशीचं: 'पूर आला की दादा जेवायचे नाहीत. पाणी उतरलं की दोन वेळचं एकदम जेवायचे.' मध्येच एका ठिकाणी: 'आक्कानं माझ्यासाठी पेरू चोरले. मार तिला बसला. पेरू मी खाल्ले.' आक्का हसल्या, मग रडल्या, मग पदरानं डोळे पुसून पुढं वाचायला लागल्या. असं तासभर चाललं. प्रत्येक तुकड्यावर तारीख होती. नोव्हेंबर झाला, डिसेंबर झाला, तुकडे लहान होत गेले. मी उठून जाऊ शकले असते. काहीतरी निमित्त करून झाकण हलवू शकले असते. मी बसून राहिले.

"एकोणीस फेब्रुवारी," आक्कांनी वाचलं. "'बेल दोनदा वाजवली. ती दारात उभी आहे. दिसतेय. तिसऱ्यांदा वाजवत नाही.'"

त्यांनी खाली बघितलं. खाली काही नव्हतं.

"हे काय गं?" त्या म्हणाल्या. "हे दादांवरचं नाही."

मी सांगितलं. सगळं, मघाशी लिहिलं तसंच, फक्त त्याहून कमी शब्दांत. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, त्या पडलेल्याच होत्या.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"अकरा मिनिटं."

"त्याला त्रास होत होता?"

"होत असणार."

"आणि टीव्हीवर?"

"आलं होतं. सगळं दिसत होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"म्हणजे हा लॅपटॉप तू मुद्दाम..."

"माहीत नाही, आक्का." ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं, म्हणून मी पुढचंही सांगितलं. "की-बोर्डखालचं झाकण बसवताना बिजागरीपाशी ते बसत नव्हतं. खाली काहीतरी येतंय हे हाताला कळलं होतं. व्हिडिओतला माणूस तिथंच सांगत होता, जोर लावू नका, वायर बघा. मी वायर नाही बघितली. तळहातानं दाबलं. बसलं तरी दाबत होते."

आक्का उठल्या. टेबल बाजूला केलं, चपला घातल्या आणि बाहेर गेल्या. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. नळाशेजारच्या दगडावर बसून होत्या, पाठ माझ्याकडे. शेजारची बाई काहीतरी बोलायला आली, तिला त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. मी दिवा लावला नाही, जागची हलले नाही. आत आल्या तेव्हा अंधारून आलं होतं.

"भात टाक थोडा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लं नाही."

आम्ही दोघी जेवलो.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः लॅपटॉप घेऊन मुजावरांकडे गेल्या. मुजावरांनी आतलं झाकण उचललं, दबलेली वायर सोडवून खाचेत बसवली आणि अर्ध्या तासात सगळं पूर्ववत करून दिलं. तिथून आक्का छापखान्यात गेल्या. दुपारी वाचनालयात मला त्यांचा फोन आला.

"शेवटचं पान घालायचं का?"

माझ्या समोर एक गृहस्थ पुस्तक परत करायला उभे होते. मी म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं."

"मी नाही सांगणार."

त्या गृहस्थांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. मी त्याच्यावरची चिठ्ठी काढली, तारीख बघितली.

"घाला," मी म्हणाले.

वर्षश्राद्धाला बत्तीस पानांचं पुस्तक तयार होतं. निळं वेष्टन, त्यावर पूल. जेवणं झाल्यावर पाहुणे ते घेऊन बसले. कुणी पुराचं वाचत होतं, कुणी पेरूचं. माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, नमूमावशी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग चष्मा काढला.

"बघा, काय माणूस होता!" त्या म्हणाल्या. "बेल कशाला वाजवू म्हणतो, ती दारातच उभी आहे, मला दिसतेय म्हणतो. अगं शैला, शेवटच्या ओळीतसुद्धा तूच आहेस. अशी सेवा कुणाच्या नशिबात असते?"

भोवतालच्या बायकांनी माना डोलावल्या. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी समोर बघितलं. आक्का ताकाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. सगळी खोली ऐकत होती आणि आक्कांना बोलायचं तर तीच वेळ होती.

"मावशी, ताक घेताय का अजून?" आक्का म्हणाल्या.

पाहुणे गेले. भांडी आवरली. हॉलमधल्या सतरंज्या उचलायच्या होत्या, एक टोक आक्कांनी धरलं, दुसरं मी.

"मी त्यांना सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"काय सांगणार होतीस? मावशींनी बरोबर वाचलं असेल कदाचित."

"तुम्ही कसं वाचता, आक्का?"

त्यांनी सतरंजी एकदा झटकली. मी माझं टोक सांभाळलं. आम्ही दोघी घडी घालायला पुढे आलो, तेव्हा त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता.

"मावशींसारखंच वाचायचा प्रयत्न करते," त्या म्हणाल्या.

"जमतं?"

"एखाद्या दिवशी," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचं टोक माझ्या हातात दिलं.